कुरालायचं येरुलिक

कुरालायचं डोकं लवकर तापतं हे अल्माटीच्या ट्रॉलीबस डेपोत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. चौदा वर्षं तिनं तिथं ट्रॉलीबस चालवली. वरच्या तारेवरून दांडा निसटला की भर रस्त्यात खाली उतरायची, हातमोजे चढवून दांडा पुन्हा तारेला लावायची आणि मागून हॉर्न बडवणाऱ्या मोटारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच आपल्या जागेवर येऊन बसायची. बाई मनानं वाईट नव्हती. खोटंनाटं दिसलं की तिला गप्प बसवत नसे, एवढंच.

अशा बाईनं अल्माटी सोडली ती लेकीपायी. अकबोता आठ वर्षांची. थंडी पडली, घराघरांत कोळसा पेटला आणि धूर शहरावर बसला, की पोरीची छाती वाजायला लागायची. तीन हिवाळे दवाखान्यात गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, औषध मी देईन, हवा कुठून आणू? त्याच आठवड्यात कुरालायनं ठरवलं की तालदिकोर्गानला जायचं. लहान शहर, रस्त्याला झाडं, जवळ नदी, आणि माणूस माणसाला ओळखतो. नवरा येरमेक म्हणाला, जाऊ. पण त्याची नोकरी अल्माटीत होती, एका बड्या कंत्राटदाराच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून. तेव्हा इकडं काही जमेपर्यंत त्यानं तिकडंच राहायचं, शनिवारी यायचं आणि रविवारी दुपारी परत जायचं, असं ठरलं.

ऑगस्टच्या शेवटी बिऱ्हाड आलं. कुरालायला शहर बसवर काम मिळालं. आणि खरंच, पोरीचा खोकला महिनाभरात पळाला. अकबोता अंगणात धावायची, धापा न टाकता धावायची, आणि कुरालाय खिडकीत उभी राहून ते बघत बसायची.

आता राहिलं होतं येरुलिक. नवं बिऱ्हाड आलं की जुन्या शेजाऱ्यांनी त्यांना घरी बोलवून जेवायला घालायचं, ही कझाख माणसाची रीत. ते मागायचं नसतं आणि त्याची आठवणही करून द्यायची नसते. कुरालायनं निळा झगा इस्त्री करून ठेवला, ज्या घरी बोलावतील त्या घरासाठी साखरेच्या गोळ्यांची पुडी आणून ठेवली, आणि वाट बघितली. गल्लीत अकरा घरं. सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. कुणी म्हणून कुणी बोलावलं नाही. शेजारणी समोरून यायच्या, 'बरं आहे ना' म्हणायच्या, नि नजर चुकवून पुढं व्हायच्या.

कुरालायचा तिळपापड झाला. अल्माटीत नऊ मजली इमारतीत राहायला आली तेव्हा शेजारची रशियन म्हातारी, जिला येरुलिक हा शब्दही माहीत नव्हता, पहिल्याच संध्याकाळी पातेलंभर सूप घेऊन दारात उभी होती. आणि हे लोक! उठता बसता आपल्या रीतीभातींच्या बढाया मारणारे, शहरातल्या कझाखांना अर्धे रशियन म्हणून नाकं मुरडणारे! यांच्या घरात पातेली नव्हती, की पातेल्यात घालायला मांस नव्हतं?

स्वतःपुरतं तिनं गिळलंही असतं. पण एक दिवस अकबोता शाळेतून आली ती दप्तर टाकून भिंतीकडं तोंड करून बसली. वर्गातल्या मुलींना आयांनी सांगितलं होतं, तिच्या घरी खेळायला जायचं नाही. का, ते पोरीला माहीत नव्हतं. रात्रीचं जेवण तिनं ताटात तसंच ठेवलं.

"आई, आपण परत जाऊ या," ती म्हणाली. "तिथं खोकला होता, पण मैत्रिणी होत्या."

ज्या छातीसाठी सगळा संसार उचलून आणला ती छाती बरी झाली, आणि त्याच पोरीला आता परत धुरात जायचं होतं. कुरालायनं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

कारण कळलं ते बसमध्ये. गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या झेनेप आपा एका बाईबरोबर बाजारापाशी चढल्या आणि नेमक्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. टोपी आणि जाड कोट घालून बस हाकणारी ही आपलीच शेजारीण आहे हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. बोलता बोलता विषय निघाला. आपा म्हणाल्या, आधीच गल्लीच्या टोकाला ती मोल्दिर आहे, त्यात ही दुसरी टोकाल येऊन बसली. नवरा शनिवारी काळ्या जीपमधून येतो, रविवारी जातो, आणखी काय पुरावा हवा? खरी बायको अल्माटीत असेल बिचारी.

टोकाल म्हणजे चोरून केलेली दुसरी बायको. मुल्लाकडून निकाह लावायचा, सरकारी दफ्तरात नोंद करायची नाही, आणि दुसऱ्या गावात घर करून ठेवायची. शब्दाचा मूळ अर्थ बिनशिंगाची शेळी. कुरालायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या थांब्यावर तिनं ब्रेक असा मारला की आपांच्या पिशवीतले बटाटे पार मागच्या दारापर्यंत गेले. पण ती बोलली नाही, कारण बसमध्ये चाळीस माणसं होती. बिनशिंगाची काय, आता दाखवतेच शिंगं, असं मनात म्हणत तिनं फेरी पुरी केली.

खोटं कशाला बोला, मोल्दिरचं नाव तिला नवं नव्हतं. ती कुणाची तरी टोकाल आहे हे पहिल्याच आठवड्यात किराणावालीनं सांगितलं होतं. मोल्दिरची मुलगी अकबोताएवढीच. पण कुरालायनं अकबोताला त्या घराकडं कधी पाठवलं नव्हतं. तेव्हा तिला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

शनिवारी येरमेक आला. तिनं सगळं सांगितलं. तर या गृहस्थाला हसू आवरेना. मालकाची जीप घेऊन येणारा ड्रायव्हर, पण गल्ली त्याला दोन बायका पोसणारा बडा असामी समजत होती, आणि ते त्याला मनातून आवडलं होतं.

"चला, कुठंतरी आपला भाव वधारला," तो म्हणाला.

"तुझा वधारला नि माझा गेला," कुरालाय म्हणाली. "आणि पोरीचा पण. हस अजून."

त्याचं हसू मावळलं. पण ती त्याच्यासाठी थांबली नाही. पेटीतून लग्नाचा सरकारी दाखला काढला आणि तशीच चपला घालून झेनेप आपांच्या घरी गेली. तिथं चार-पाच बायका चहाला बसल्या होत्या. दुधाच्या चहाच्या वाट्यांमध्ये तिनं तो दाखला आपटला.

"वाचा," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली माझ्या लग्नाला. शिक्का आहे, दोघांच्या सह्या आहेत. मी टोकाल नाही. तीन महिने माझ्या लेकराला वाळीत टाकलंत, एकीनं तरी येऊन विचारायचं होतं."

आपांनी खरोखर चष्मा लावून तो कागद वाचला. वाचून झाल्यावर शेजारणीकडं दिला, तिनं वाचून पुढं दिला. मग एकदम सगळ्यांना मायेचा पूर आला. पोरी, आधी नाही का सांगायचं, म्हणत आपांनी तिला मिठी मारली, जवळ बसवलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. येरुलिक तेव्हाच ठरलं.

रविवारी अकराही घरांची, म्हणजे मोल्दिरचं सोडून दहा घरांची माणसं आपांच्या घरी जमली. कणकेच्या पट्ट्यांवर उकडलेलं मांस रचलेलं बेशबरमाकचं भलंमोठं ताट आलं. कुरालायला निळ्या झग्यात दाराच्या समोरची मानाची जागा मिळाली, येरमेकची जीपवरून टिंगल झाली, आणि अकबोता आतल्या खोलीत सहा मुलींबरोबर खिदळत होती. ते हसणं ऐकून कुरालायला वाटलं, झालं, आता आपण इथले. तेवढ्यात आपा मांसाचा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की आमच्या गल्लीला अब्रू आहे. चार वर्षं झाली, त्या टोकाच्या घरातलीला आम्ही एकदाही उंबरा ओलांडू दिला नाही.

कुरालायचा घास हातातच राहिला. तीन महिन्यांत तिचा जीव मेटाकुटीला आला होता. त्या बाईनं चार वर्षं काढली. आणि आपण? आपणही त्यांच्यातल्याच की. राग तर आला, पण या खेपेला तो निम्मा स्वतःवरच होता. ती उठली. येरमेकनं झग्याचं टोक धरून खाली बस म्हणून खूण केली. ते सोडवून घेऊन ती बाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन मोल्दिरचं फाटक वाजवलं.

मोल्दिर तिशीची असेल. ओले हात कमरेच्या फडक्याला पुसत ती आली. कुरालाय म्हणाली, माझं येरुलिक आहे, चल, तुझं चार वर्षांचं राहिलंय, दोघींचं एकदम करू. हात धरूनच न्यायला निघाली होती ती. मोल्दिरनं हात मागं घेतला.

"तू दाखला दाखवलास म्हणून तुला बोलावलं," ती शांतपणे म्हणाली. "मी काय दाखवू? आजवर या गल्लीत निदान कुणी कागद मागत नव्हतं. आता मागतील."

भर रस्त्यात मोटारवाल्यांना गप्प करणाऱ्या कुरालायनं आपला हात खाली घेतला. कारण बाई खरं बोलत होती. आपण टोकाल नाही हे ओरडून सांगताना, मी टोकाल असते तर तुम्ही केलंत ते ठीकच होतं, असंच तर ती त्या सगळ्यांना सांगून आली होती.

तिकडून झेनेप आपा आपल्या फाटकात आल्या. मागं बायकांची डोकी दिसत होती.

"कुरालाय, मांस निवतंय," आपांनी हाक मारली. "तिथं काय करतेस?"

आत्ता परत गेलं तर आतल्या सहा मुली उद्याही अकबोताच्या मैत्रिणी राहणार होत्या. नाही गेलं तर काय होईल, तेही तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं वळून आपांकडं पाहिलं.

"येरुलिक जुन्या माणसानं नव्याला द्यायचं असतं ना आपा?" तिचा ट्रॉलीबसवाला आवाज गल्लीभर गेला. "ही चार वर्षांची जुनी, मी तीन महिन्यांची. हिच्या दारात उभी आहे. आत बोलावते का बघतेय."

मोल्दिरनं फाटकाची कडी काढली.

"कालचं सूप आहे फक्त," ती म्हणाली. "त्यात मांस नाही."

"मग काय झालं," कुरालाय म्हणाली आणि चपला काढून आत गेली. सूप अळणी होतं. तिनं ते दोनदा मागून घेतलं.