चोच नसलेला मोर

माझ्या कपाटात खालच्या फळीवर एक डाळिंबी साडी आहे. ती तिथे कशी आली याबद्दल माझ्या नवऱ्याला जे ठाऊक आहे ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. वहिनीला नाही, मैत्रिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा तेवढाच भाग वगळून बाकीचं सांगते. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखणाऱ्यांपुढे माझं तोंड उघडत नाही.

पण माझं तोंड उघडत नाही असं म्हटलं तर आमच्या पुरुषोत्तमनगरात लोक हसतील. साखर कारखान्याच्या या कॉलनीत माझी ख्याती नेमकी उलटी आहे. रांगेत कुणी मधे घुसलं, भाजीवाल्याने काटा मारला, कुणी दुसऱ्याच्या दारात कचरा लोटला — पहिला आवाज माझा. पाठीमागे मला ‘फौजदारीणबाई’ म्हणायचे. मला ते कळायचं आणि, खोटं कशाला बोलू, आवडायचं.

खांडबारा माझं माहेर. एकदा तिथल्या बाजारात, एका किराणा दुकानात, डोंगराकडून आलेल्या एका बाईने अंगाच्या साबणाची वडी पदराखाली सरकवलेली मी पाहिली. मी केवढ्याने ओरडले म्हणून सांगू! माणसं जमली. बाईने वडी काढून फळीवर ठेवली आणि ती निघून गेली. दुकानदाराने माझे आभार मानले. दुसऱ्याचं नुकसान होताना पाहून गप्प बसणं म्हणजे चोरीत वाटा घेणं — असं मी घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं. मला त्या रात्री छान झोप लागली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे सांगणार आहे ते याच ओरडणाऱ्या बाईचं, म्हणजे माझं आहे.

माझा भाऊ लवकर गेला. त्याची एकुलती एक मुलगी वैशाली. तिचं एक लग्न ठरून मोडलं होतं — काही कारण नसताना, साखरपुड्यानंतर. मग तिच्यासाठी सारंगखेड्याचं स्थळ मी आणलं. तापीकाठची बागायत, पपईच्या बागा, मुलगा निर्व्यसनी. सगळं मी जुळवलं, आणि ते मीच जुळवलं हे चार ठिकाणी सांगितलंही.

लग्नाचा बस्ता शहाद्याला बांधायचं ठरलं. आमच्याकडे बस्ता म्हणजे निम्मं लग्नच. दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात, एकाच पांढऱ्या गादीवर. मुलाकडच्या बायका मधोमध तक्क्याला टेकून, आम्ही मुलीकडच्या कडेकडेने. शेठ चहा मागवतो, फरसाण मागवतो, समोर साड्यांचा डोंगर होतो, आणि त्या दिवशी मुलाकडच्यांना कशालाच नाही म्हणायचं नसतं. हे कुणी शिकवत नाही. अंगातच असतं ते.

दुकान एका मारवाडी शेठजींचं. ते माझ्या ओळखीचे, आणि तिथली साड्या दाखवणारी रुखसाना तर त्याहून ओळखीची. तिचे वडील, उस्मानभाई, दुकानाच्याच ओट्यावर मशीन टाकून फॉल-पिको करायचे. बाप ओट्यावर, लेक आत गादीवर, असं त्यांचं चाललेलं. रुखसाना साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायची आणि गिऱ्हाइकाशी आपल्या अहिराणीत गोड बोलायची. मला मावशी म्हणायची.

त्या दिवशी मला एक साडी आवडली. डाळिंबी रंग, पदरावर मोरांची रांग. मी हात लावला, तशी रुखसानाने पदर माझ्या डोळ्यांजवळ आणला आणि हळूच म्हणाली, “मावशी, ही नका ल्या. हाई दखा, ह्या मोरले चोचच नही.”

खरंच नव्हती. शेवटून दुसऱ्या मोराला विणकराने चोच दिलीच नव्हती. शेठला ऐकू गेलं असतं तर तिला बोलणी बसली असती. तरी तिने सांगितलं. मी साडी बाजूला टाकली, ती घसरत विहीणबाईंच्या — म्हणजे वैशालीच्या होणाऱ्या सासूबाईंच्या — गुडघ्याशी जाऊन पडली. मला ठसका लागला होता, म्हणून मी रुखसानाला पाणी मागितलं. ती आतल्या खोलीत गेली, माठातलं पाणी घेऊन आली, ग्लास माझ्या हातात दिला.

ती आत होती तेवढ्यातच ते झालं.

विहीणबाईंनी ती डाळिंबी साडी मांडीवर घेतली. नीट घडी घातली. वरून आपली शाल घातली, आणि शालीसकट ती आपल्या पिशवीत ठेवली. घाई नाही, इकडेतिकडे पाहणं नाही. आपण घरी कपडे आवरतो तसं. मी समोर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं का? सांगता येणार नाही. त्या वेळी मी माझ्या चपलांकडे पाहत होते.

पपईच्या एवढ्या बागा असलेल्या बाईने असं का करावं? मी पुष्कळ विचार केला. उत्तर मिळालं नाही, आणि खरं म्हणजे ते माझं कामही नव्हतं. माझं काम त्या वेळी एवढंच होतं की तोंड उघडायचं. साधं, हसत-हसत, ‘विहीणबाई, ती साडी चुकून तुमच्या शालीत गेली बरं का’ — एवढं बोलता आलं असतं. भाजीवाल्याला मी याहून कडू बोलले आहे.

मी गप्प बसले. वैशालीचं एक लग्न मोडलंय, हे दुसरं माझ्या जिभेने मोडेल — असं मनात आलं. हेच मी पुढे स्वतःला सांगत राहिले. पण तुमच्यापासून काय लपवू? त्याच्या आधी, अगदी आधी, जे मनात आलं ते असं होतं — हे स्थळ मी आणलंय. लोक मला हसतील.

गप्प बसण्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे सांगायलाही बसले नसते. पण बस्ता बांधून झाला, साड्यांच्या घड्या मागे फळ्यांवर जायला लागल्या, आणि रुखसानाच म्हणाली, “शेठ, मोरवाली डाळिंबी दिसत नही.”

तिने स्वतःहून सांगितलं. तिच्या जागी दुसरी असती तर रामराम म्हणून घरी गेली असती. मग शोध सुरू झाला. गादी उचलली, गठ्ठे पाहिले. आता बस्त्याच्या गिऱ्हाइकाची पिशवी तर कुणी उघडत नाही. कोणत्या तोंडाने उघडणार? मुलाकडच्यांचा अपमान झाला तर लग्न तर जाईलच, पण दुकानाकडे पुढे पंचक्रोशीतून बस्ताही येणार नाही. कॅमेरा होता, पण तो गल्ल्याकडे तोंड करून. म्हणजे उरली कोण? शेठजींची नजर कामवाल्यांवर गेली. आणि मग ती माझ्यावर आली. माझी ख्याती त्यांनाही ठाऊक होती ना!

“ताई, तुमी त् आठेच बठेल व्हतात. तुमीन काही दखं का?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वहिनी, वैशाली, विहीणबाईही. फौजदारीणबाई काय सांगते, म्हणून.

“मी काही दखं नही,” मी म्हटलं.

इथेही थांबता आलं असतं. पण शेठजी अजून पाहत होते, विहीणबाईंच्या पायाशी त्यांची पिशवी होती, आणि मला ती नजर तिथून कुठेतरी दुसरीकडे वळवायची होती. मी म्हटलं, “ती पोर तेवढी एकडाव मजार जाई उनी.”

ती मुलगी तेवढी एकदा आत जाऊन आली. बस, एवढंच. यात खोटं काय आहे सांगा? एक अक्षर खोटं नाही. ती आत गेली होती. आली होती. कशाला गेली होती, ते मी सांगितलं नाही.

रुखसानाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे हो — वाट पाहत. पुढचं वाक्य मी आता बोलेन, असं तिला वाटत असावं. मग तिने माझ्यापुढच्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास उचलून बाजूला सारला.

शेठजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पोलिसांचं नाव काढलं नाही. आतल्या खोलीत साडी सापडली नाही, तर कुणाकरवी मागच्या दाराने गेली असेल असं त्यांनी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणाले. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा ओट्यावर उस्मानभाईंचं मशीनही नव्हतं. लेकीवर चोरीचा आळ आलेल्या ओट्यावर तो बाप कसा बसेल? जिथे मशीन होतं तिथे रंगीत दोऱ्यांचे बारीक तुकडे फरशीच्या फटीत अडकलेले दिसत होते. मी ब्लाउजपीस घेतला आणि आले.

लग्न थाटात झालं. मांडवात मुलाकडच्यांनी मानाच्या साड्या दिल्या. मी नवरीची आत्या, स्थळ आणणारी, म्हणून माझा मान मोठा. विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने मला कुंकू लावलं आणि ओटीत साडी घातली. मी घडी उलगडली. डाळिंबी. पदर पाहायची माझी हिंमत नव्हती, तरी पाहिला. शेवटून दुसरा मोर तसाच होता.

मी मान वर केली तेव्हा त्या पुढच्या बाईला कुंकू लावत होत्या. त्यांनी मला पाहिलं होतं आणि हे माझं तोंड बंद केल्याचं बक्षीस होतं? की आहेराला साडी कमी पडली आणि हाताला आली ती दिली? मला आजही माहीत नाही. मानाची साडी आमच्याकडे त्याच दिवशी नेसून पंगतीत बसायचं असतं. मी आत गेले आणि नेसून आले. बायका म्हणाल्या, रंग खुलतो तुम्हाला.

पुढच्या हिवाळ्यात सारंगखेड्याची यात्रा भरली. घोड्यांचा बाजार तिथला, लांबलांबहून माणसं येतात. वैशालीने बोलावलं होतं, तिला दिवस गेले होते, मी गेले. तिच्या सासरी जायचं म्हणून तीच साडी नेसले. दिलेली साडी नेसली की देणाऱ्यांना बरं वाटतं. दुपारी विहीणबाई आणि मी बाजारात फिरायला निघालो.

घोड्यांच्या साजाची दुकानं होती एका रांगेत. झुली, गोंडे, आरशांच्या पट्ट्या. त्यातल्या एका पालात उस्मानभाई मशीनवर वाकून झूल शिवत होते, आणि पुढे, गोंड्यांच्या माळा मांडून, रुखसाना बसली होती. पुरती वाळली होती ती. मी परत फिरले असते, पण विहीणबाई तेवढ्यात वाकून गोंडे निवडायला लागल्या. त्यांच्या घरच्या घोडीसाठी.

रुखसानाने मला पाहिलं. मग साडी पाहिली. ती उठली, माझ्याजवळ आली, आणि दुकानात पदर धरायची तसा, दोन बोटांत, तिने माझा पदर धरला. मोरांवरून तिचं बोट सरकत गेलं आणि शेवटून दुसऱ्या मोरावर थांबलं.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला सगळं समजलं असं तिला वाटलं — साडी मी चोरली, म्हणून मी तिचं नाव पुढे केलं. तिच्या हिशोबात दुसरं काही बसतच नव्हतं. आता ही ओरडेल, असं मला वाटलं. मी खांडबाऱ्याला ओरडले होते तशी. भर यात्रेत, एवढ्या माणसांत. तिचा हक्कच होता तो. आणि तिने ओरडावं, असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं, कारण मग मला बोलावंच लागलं असतं.

तिने पदर माझ्या खांद्यावर परत ठेवला. चुण्या नीट केल्या. बापाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाली, “ऱ्हाऊ द्या मावशी. मी कोनलेच सांगनार नही.”

विहीणबाई हातभर अंतरावर गोंड्यांचा भाव करत होत्या. मला फक्त बोट दाखवायचं होतं.

मी म्हटलं, “बरं.”