सामाईक उजेडाची पाळी

“दिवा लागतो भाऊ, पण घटकाभरात मरतो. मी फाट्यावर उतरते ती त्याच्या नंतर.”

फोनवर शोभाताई होत्या. वारूळवाडीच्या पलीकडे मळ्यातल्या वस्तीवर राहतात, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची प्रतवारी करतात. संध्याकाळी फाट्यापासून घरापर्यंत त्या पायी जातात. दोन्हीकडे ऊस, उसात बिबट्या आणि वळणावर एकच सोलर दिवा.

मी तालुक्याचा बातमीदार. डेस्कला, म्हणजे बातम्या तपासून पानात बसवणाऱ्या मंडळींना, कळवले. “प्रशासन झोपेत, वस्ती अंधारात!” डेस्कच्या साहेबांनी लगेच मथळा दिला. “फोटो पाठवा.”

वस्तीवर गेलो. दिव्याच्या वरच्या पॅनेलवर धुळीचा आणि पाखरांच्या विष्ठेचा थर होता. त्यामुळे दिवसा बॅटरी भरत नव्हती. खांबावर पाटी होती : ‘सार्वजनिक’.

“काच कोणी पुसत नाही?” शोभाताईंचे सासरे तात्या शेजारी होते, त्यांना विचारले.

“सरकारी हाय ना राव. हात लावला आन् बिघडला, तर कोन निस्तरनार?”

“पाटीवर सार्वजनिक लिहिलंय.”

“तेच म्हनतो मी. सरकारी.”

बातमीत दुसरी बाजू घ्यावी लागते. ज्याच्यावर ठपका, त्यालाही विचारायचे. ग्रामसेवक फोनवर हसले. “पुसा की! आम्ही कधी नको म्हटलं?” मथळा तिथेच पडला.

“आपल्या दोन्ही घरांच्या सामाईक विहिरीवर कुठं पाटी हाय?” शोभाताई म्हणाल्या. “तरी मोटरीची पाळी कधी चुकली न्हाई. आजपासनं दिवाबी सामाईक.”

खांबाला लागून बबनरावांचे अंगण. ते तात्यांचे चुलत पुतणे. बांधावरून दोन्ही घरांत अबोला. ओट्यावरूनच ते मला म्हणाले, “पावणं, सामाईक म्हनलं की समद्यांची संमती लागती. सांगा त्यांना, माझी न्हाई.”

“यांना वगळून करा,” मी सुचवले.

“कसं वगळू?” शोभाताई फिस्कारल्या. “उजेड काय ह्यांचं अंगन सोडून पडतोय व्हय?”

“माझ्या अंगनात पडला तो माझाच,” बबनराव म्हणाले.

राज्यशास्त्राच्या पुस्तकात याला सार्वजनिक वस्तूचा पेच म्हणतात. ती एकाला दिली की सगळ्यांना मिळते. न राबणाऱ्याला वेगळे काढता येत नाही. मग राबायचे कोणी? पुस्तक इथे संस्था हवी म्हणते, म्हणजे सगळे मानतात असा नियम. तो आणायचा कुठून, हे मला ठाऊक नव्हते. तात्यांना होते.

विहिरीवर पहिली पाळी थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाची. थोरली पाती बबनरावांची.

तात्या मोठ्याने म्हणाले, “बबन न्हाई म्हनतोय. मग पयली पाळी धाकट्या पातीची. शोभे, बांबू आन.”

बबनराव उठले. “असं कसं? पयली पाळी आमची! आज्यापासनं आमचीच!”

“आमी कुठं नाय म्हनलं?” तात्यांनी तोंड फिरवून हसू गिळले.

बबनरावांनी टोमॅटोच्या मांडवाचा लांब बांबू काढला, टोकाला ओले गोणपाट बांधले आणि पॅनेल लख्ख केले. दोन दिवसांनी शोभाताईंचा फोन आला : दिवा उजाडेपर्यंत टिकला.

“दोषी कोण?” डेस्कने विचारले.

“कोणी नाही.”

“मग बातमी काय?” शेवटी आतल्या पानावर चार ओळी लागल्या.

पुढल्या आठवड्यात शोभाताईंनी पुन्हा फोन केला. आवाज तापलेला. “भाऊ, ह्ये छापा! आज पाळी आमची, आन् बबनभावजींनी भल्या सकाळी काच पुसून टाकली. पाळी चोरली!”

संस्था रुजली, हे ओळखायचे कसे, ते पुस्तकात सापडले नव्हते. लोक कामावरून नव्हे, कामाच्या हक्कावरून भांडू लागले की रुजली समजावे.