सूर्यावरचं वादळ आणि माझा धुरा

दीर माझा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरत होता. नांगर दरवर्षी थोडा माझ्या बाजूला घालायचा, आणि नवरा गेल्यावर तर त्याने हद्दीचा दगडच उपटून टाकला. रिसोडच्या रस्त्याला लागून असलेली ती पट्टी मला परत हवी होती. त्याची जिरलेली पण पाहायची होती. मी सरकारी मोजणी मागितली.

मे महिन्यात मोजणीवाला उपग्रहावरून जागा धरणारं यंत्र घेऊन आला. काठी उभी केली, पण आकडा ठरेना. मोबाइलमध्ये वाचून तो म्हणाला, "आजी, सूर्यावर वादळ झालंय."

"वावर माहं इथं, वादळ तिथं. मले नीट सांग."

त्याने सांगितलं. सूर्यात तापलेला वायू, प्लाझ्मा, सारखा वाहत असतो. त्या वाहण्याने चुंबकाच्या रेषांना दोरीसारखा पीळ बसतो. पीळ सोसवेनासा झाला की रेषा तुटून दुसरीकडे जुळतात, भडका उडतो, प्लाझ्मा बाहेर फेकला जातो. मग आपल्याकडची वरची हवा बिघडते आणि उपग्रहाचा इशारा चुकतो. "चार दिवसांत निवळेल. मग येतो."

दीर लांब उभा होता. त्याने फक्त वादळ ऐकलं. मोजणीवाला जाताच सूर्याकडे तोंड करून त्याने नारळ फोडला.

"पाहा वयनी, सूर्यनारायणानंच मोजणी बंद पाडली! आता कोनाकडं अर्ज करता?"

"कोनाकडं करू, भाऊजी?" म्हणत मी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि चावून खाल्ला.

पाणाड्याने त्या पट्टीत पाणी दाखवलं होतं, पण भांडणामुळे दीर थांबला होता. आता देवाचाच निकाल लागला म्हणून त्याने लगेच बोअर मारली. मी बाभळीखाली बसून पाहत राहिले. पाणी भरपूर लागलं. त्याने मोटारही सोडली.

मोजणीवाला परत आला. आकडा ठरला, चुन्याची रेघ पडली. बोअर माझ्या बाजूला आली.

"वयनी, मोजनी पुन्हा होनार, हे तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी सूर्याले इचारलं. मले कुठं इचारलं?"

"पानी तरी घेऊ द्या."

"मोटार तुमची हाय, काढून न्या."

पाइप वर ओढताना तो घामाने निथळला. शेवटचा पाइप निघेपर्यंत मी बाभळीखालून उठले नाही.