चौसष्टावं काम

नाना सरकारी खात्यात होते, पण खात्याचं काम असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नाही. ते काम करणाऱ्यांना जे जे लागतं, ते सगळं नानांकडे: किल्ल्या, कागद, फोन, गाड्या, जनरेटर, पाण्याची टाकी. एकतीस वर्षं. ‘नानांना विचारा’ हे त्या इमारतीत सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य होतं, आणि कितीदाही कानावर पडलं तरी नानांना ते गोडच लागायचं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना वरून आदेश आला. कोणीही माणूस अचानक नसला तरी काम अडता कामा नये, तसा आराखडा करा, एकदा त्याचा सराव घ्या आणि अहवाल पाठवा. करणार कोण? अर्थात नाना. त्यांनी जीव ओतून चौसष्ट कामं लिहून काढली. रेकॉर्डरूमचं कुलूप काढताना दार जरा वर उचलावं लागतं, इथपर्यंत. प्रत्येक कामापुढे दोन नावं: करणारा, आणि तो नसला तर दुसरा. नानांच्या कामांपुढे दुसरं नाव पडलं आवक-जावकच्या ताईंचं. बाई नाकासमोर चालणाऱ्या. लिहिलंय तेवढं करणार, काडीभर इकडे नाही की तिकडे नाही.

फक्त शेवटच्या कामापुढे, ‘सराव संपल्याचे जाहीर करणे’, नानांनी एकच नाव लिहिलं. स्वतःचं.

“इथे दुसरं नाव नाही घातलंत ते?” घरी बायकोने विचारलं.

“असू दे गं. एक तरी काम माझ्यावाचून अडायला हवं.”

सरावासाठी ‘अनुपस्थित’ म्हणून साहेबांनी नानांनाच निवडलं. गळ्यात पाटी घालून व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. नववा नियम नानांनीच लिहिलेला: अनुपस्थित माणसाशी बोलू नये, त्याला विचारू नये, त्याचे ऐकू नये. सकाळी गंमत वाटली. शिपाई डोळा मारून गेला. दुपारपर्यंत जनरेटर चालू झाला, गाड्या सुटल्या, रेकॉर्डरूमचं दार उचलून उघडलं गेलं. कुठे म्हणून काही अडलं नाही. नानांना अभिमान वाटला, आणि जरासं वाईटही.

पाच वाजता ते उठले. “सराव संपला,” म्हणाले. कोणी मान वर केली नाही. ते ताईंच्या टेबलाशी गेले. “ताई, पुरे आता.” ताईंनी आराखडा उघडला, नवव्या नियमावर बोट ठेवलं आणि त्या बोटाकडेच बघत राहिल्या.

“मस्करी ताणतात हो लोक,” घरी बायको म्हणाली. “उद्या बोलतील.”

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर नानांच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होती. शिपाई समोरून आला आणि त्यांना वळसा घालून गेला. आज डोळा मारला नाही. बाक पुसून ठेवलेलं होतं, एका माणसापुरतंच. नाना बोलत राहिले. आधी हसून, मग चिडून, तिसऱ्या दिवशी हात जोडून. चौथ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. साहेबांनी उडालेले कागद गोळा केले आणि खिडकी लावून घेतली. तेव्हा मात्र नानांची पाचावर धारण बसली.

पाचव्या दिवशी अहवाल वर पाठवायचा होता. साहेब ताईंना समोर बसवून आराखडा ओळीने वाचू लागले. नाना दारात उभे होते. साहेब शेवटच्या कामावर थांबले आणि नानांच्या जिवात जीव आला.

“सराव संपला हे सांगायचं कोणी?”

“ज्यांनी सांगायचं ते अनुपस्थित आहेत, साहेब.”

“आणि दुसरं नाव?”

“नाहीये.”

“ताईंचं घाला,” नाना म्हणाले. “शिपायाचं घाला. कोणाचंही घाला हो. माझं काढा.”

साहेबांनी जरा विचार केला. “बाकी सगळं सुरळीत आहे ना?”

“हो. काहीच अडलेलं नाही.”

“मग हे काम हवंय कशाला? काढून टाका.”

ताईंनी पट्टी घेतली, चौसष्टाव्या कामावर सरळ रेघ मारली आणि आराखडा साहेबांपुढे सहीला ठेवला.