कुंकवाची आन

आमच्या घरात बायकांची दुखणी दवाखान्यात जात, बायका जात नसत. घराणं देशमुखाचं, कडक गोषाचं. साखरखेर्ड्याच्या पलीकडच्या आमच्या गावातून घरातला कुणी पुरुष तालुक्याच्या दवाखान्यात जाई, डॉक्टरपुढे उभा राहून ‘घरात बरं नाही’ एवढं सांगे आणि औषधाची बाटली घेऊन येई. बाटलीवर कात्रे पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे; एका कात्र्याएवढं सकाळी घ्यायचं, एका कात्र्याएवढं संध्याकाळी. एकदा माझा खोकला थोरल्या दिरांच्या तोंडून गेला, तो वाटेत पोटदुखी होऊन बसला आणि मला रेचक मिळालं. खोकला थांबला खरा, कारण खोकायची हिंमतच उरली नव्हती.

त्या घरात मी नवी सून होते. थोरल्या जावेला मी ‘बाई’ म्हणायची. सासरे कसे खाकरले की कितपत रागात आहेत, हे ओळखायला मला तिनं शिकवलं. एरवी माझे फार हाल झाले असते. त्या वर्षी तिचं तान्हं गेलं. एक लहान मुलगी होती, पण बाईचं मन कशातच राहिलं नाही. जेवायला बसे, भाकरीचे तुकडे करी आणि ते तसेच ठेवून उठे. डोळ्याला डोळा लागत नसे. बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवून झालं, गंडा बांधून झाला. शेवटी थोरले दीर दवाखान्यात सांगून आले, ‘घरात भूक लागत नाही.’ कडू औषध आलं. ते बाई मुकाट्यानं घेई आणि उपाशी राही.

कापूस निघाला तसे माझे यजमान गाड्या भरून खामगावला निघाले. वाट लांबची, मधे घाट. ते गेले त्याच दुपारी मागच्या सोप्यात आम्ही दोघी तुरीची डाळ निवडत होतो. बाई सुपातून नजर न काढता म्हणाली, “माह्या पोरीले तू सांभाळशील ना?”

“काऊन? तुम्ही माहेरी चालल्या का?” मी हसत विचारलं.

“नाही. मले आता राहाचंच नाही.”

माझ्या हातातली डाळ खाली पडली. ती इतकं साधं बोलली, की उद्या भाजी कोणती करायची हेच जणू सांगत होती. मी तोंड उघडणार, तोच तिनं माझ्या कपाळाला बोट लावलं. “तुह्या कुंकवाची आन हाय. कोणाजवळ बोलशील तं.”

आमच्यात आन म्हणजे खेळ नव्हता. घालणारीनं ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, आणि मोडली तर ज्याच्या नावानं घातली त्याच्या जिवावर येते. माझं कुंकू त्या घडीला कापसाच्या गाडीवर बसून घाटाकडे निघालं होतं. आज कुणी हसेल. मला त्या दिवशी हसू आलं नाही आणि आजही येत नाही.

मग मी एकच केलं, तिची पाठ सोडली नाही. ती परसात गेली की मी परसात, ती गोठ्याकडे गेली की मी शेणाची पाटी घेऊन तिच्यामागे. “शेपूट झाली का वं माही?” ती एकदा म्हणाली. थट्टेचे तिचे जुने शब्द, पण डोळ्यांत काही नव्हतं. आपण काही विचारलं तर तिला ते जास्तच सुचेल, अशी मला धास्ती. म्हणून मी नुसती बडबड करायची, लोणच्याची, म्हशीची, कशाचीही.

एका सकाळी मी माझी पेटी उघडली तर वरच पोरीचे परकर, पोलकी, झबली घडी करून ठेवलेली. पोरीची लहानशी फणीसुद्धा. मी बाईकडे पाहिलं. तिची वेणी-फणी झाली होती, लुगडं धुतलेलं, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा शांत होता. त्या शांतपणाची मला जेवढी भीती वाटली तेवढी तिच्या उपाशी राहण्याची कधी वाटली नव्हती. गाड्या अजून वाटेवरच होत्या. मी देवघराकडे पाहून मनात म्हटलं, जे व्हायचं ते माझ्यावर येऊ दे, यजमानांवर नको. पोरीला बाईच्या मांडीवर बसवलं आणि सासूबाईंकडे धावले.

“आत्याबाई, बाई जीव देतो म्हणतात.”

त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला. “मुकाट राय! फौजदार येईन दारात.” तीच भीती साऱ्या मुलखात होती. जीव द्यायला निघालेल्यावर खटला होतो, घराची अब्रू चावडीवर जाते, आणि दवाखाना तर सरकारचाच. म्हणून असली गोष्ट कुणी डॉक्टरच्या कानावर घालत नसे. मी पेटीतली पोलकी त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी एक पोलकं उचलून पाहिलं. मग सरळ बैठकीच्या दारापर्यंत गेल्या आणि दाराआडून म्हणाल्या, “दमणी जुंपा. थोरलीले दवाखान्यात नेऊन राह्यलो.”

“पोरगा जाऊन सांगन की,” सासरे आतून म्हणाले.

“तो काय सांगन? त्याले काय माहीत हाय?”

सासरे खाकरले. तो राग होता. पण पडद्याची दमणी बैलांना जुंपली गेली.

दवाखान्यात आमच्यापुढे चादर धरली. पलीकडून डॉक्टर विचारायचे, अलीकडून मी सांगायची, कारण गोषातल्या बाईच्या वतीनं सोबतीणच बोले. झोप? नाही. जेवण? नाही. मग ते थांबले आणि म्हणाले, “आता सोबतच्या बाईंनी बोलू नये. बाई, तुम्हाला मरावंसं वाटतं का?”

सासूबाईंनी माझं मनगट आवळलं. बांगडी पिचली. एवढा उघड प्रश्न कुणी कुणाला विचारतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं. बाहेर बैलाच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती.

“हो,” बाई म्हणाली. “रोज.” आणि ती रडू लागली. तान्हं गेल्यापासून पहिल्यांदा.

“फौजदाराले कळवसान का जी?” सासूबाईंचा आवाज फाटला होता.

“दुखण्याची वर्दी मी फौजदाराला देत नाही,” डॉक्टर म्हणाले. “यांना एकटं ठेवू नका. गप्प बसवू नका. रोज विचारा, मी विचारलं तसंच. विचारल्यानं कुणी मरत नाही. आणि पुढल्या वेळी निरोप नको, यांनाच आणा.” झोपेचं औषध दिलं, ते सासूबाईंनी आपल्या कमरेला ठेवावं असं बजावलं.

परतताना बाई माझ्याशी बोलली नाही. आन मोडली होती. आता मला दोन भयं होती. घरात तिचं, वाटेवर यजमानांचं. घाटात गाडी उलटल्याचं मला दिवसाढवळ्या दिसे, आणि हातातलं पीठ सांडे. गाड्यांना उशीर होत होता. मी पाहिलं तर बाईही माडीच्या खिडकीशी उभी, नजर वाटेकडे.

एका दुपारी गाड्या आल्या. यजमान धुळीनं माखलेले, चाक मोडलं म्हणून बैलांवर चिडलेले, पण धडधाकट. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकले आणि रडले. बाई मागून आली.

“भावजींच्या जिवाचा घोर लागला होता मले,” ती म्हणाली. “आन माही होती, सोडवणारीबी मीच. ते येईपर्यंत मले मरता येत नव्हतं. सुटली बाई, सुटली.”

ती हलकी होऊन बोलली आणि त्या हलकेपणाचीच मला पुन्हा भीती वाटली. तिला अडवून धरणारी गोष्ट तर अंगणात पाय धूत उभी होती. तरी मी विचारलं. डॉक्टरांनी विचारलं होतं तसंच, उघड.

“आता? आता वाटते का मरावं?”

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

“आज नाही,” ती म्हणाली. “उद्या इचारजो.”

मी उद्या विचारलं. परवाही विचारलं.