धारेवर आधी कोणी चालायचं

आमच्या नायगावच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला कामणकडचे डोंगर दिसतात. त्यातल्या एकाची धार फार अरुंद आहे. दोन्ही अंगांना उतार आणि मधून एका माणसापुरती वाट. दिवाळीनंतर गच्चीवर भजी खाताना सेक्रेटरींनी हातातलं भजं त्या धारेकडे रोखलं आणि जाहीर केलं, "यंदा सोसायटीची सहल तिथे." सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही पाच-सहा पन्नाशीतले पुरुष एका सुरात हो म्हणालो. भजी गरम होती, डोंगर लांब होता.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'शिखर मोहीम' नावाचा ग्रुप निघाला आणि त्यावर गुलाबाची फुलं यायला लागली. सेक्रेटरींनी दोन काठ्या आणि मानेवर पडदा असलेली टोपी आणली. ती घालून ते बागेत फेऱ्या मारत. मी ट्रेकिंगचे बूट घेतले आणि ते पायाला सवयीचे व्हावेत म्हणून घरातच घालून फिरू लागलो. बायको म्हणाली, "डोंगर चढा नाहीतर नका चढू, ओल्या लादीवरून उतरा आधी."

दर रविवारी क्लबहाउसमध्ये एसी लावून मीटिंग. टी-शर्ट कोणत्या रंगाचे, त्यांवर काय छापायचं, वर नेलेलं जेवण जैन असावं की दोन प्रकारचं. मी एकदा विचारलं, "वाट कोणाला माहीत आहे?" सेक्रेटरी म्हणाले, "तो मुद्दा पुढच्या वेळी घेऊ."

सराव म्हणून जिने चढायचे ठरले. सातव्या मजल्यावर सेक्रेटरी थांबले आणि भिंतीवरची ओल दाखवू लागले. एरवी गळतीचं नाव काढलं की पळणारे आम्ही सगळे त्या ओलीकडे अत्यंत मन लावून बघत उभे राहिलो. कोणी तरी तिला हात लावून पाहिला. दम परत आल्यावर चार मजले चढलो, तर समोर लिफ्ट उघडी. बटण कोणी दाबलं ते कोणीच कबूल केलं नाही. आत मात्र सगळे गेलो.

त्यानंतरच्या रविवारच्या मीटिंगचा विषय होता, धारेवर आधी कोणी चालायचं. वयाने मोठ्यांनी की पदाने मोठ्यांनी? वाद जेवणाच्या वेळेपर्यंत चालला. घरी आलो तर दाराला कुलूप. बायको दुपारी उगवली. बुटांना लाल माती, हातांवर ओरखडे, सलवारभर कुसळं.

"कुठे गेली होतीस?"

"त्या डोंगरावर. चौथ्या मजल्यावरच्या मावशींबरोबर."

या मावशी वसई गावातल्या केळीच्या वाडीवाल्या घरातल्या, साठी उलटलेल्या. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून करमत नाही म्हणून मैलोन्‌मैल चालत असतात. दोघी रिक्षाने पायथ्याच्या गावापर्यंत गेल्या, वाट विचारली आणि चढल्या.

"धारेवर भीती नाही वाटली?"

"वाटली की! मध्येच मी खाली बसले. मावशी म्हणाल्या, बस बाय, घाई नाय आपल्याला. मग उठले."

मी चिडलो. "मला सांगायचं नाही?"

"शुक्रवारीच विचारलं होतं, येता का म्हणून. तुम्ही म्हणालात, रविवारी डोंगराची मीटिंग आहे."

म्हणालो होतो खरा. कुसळं काढत बसलेल्या बायकोसमोर मी जेवण वाढून घेतलं. मला न घेता ती गेली याचा राग होता, पण त्याहून जास्त हेवा वाटत होता. तो कुठे ठेवावा हे कळेना.

सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं की ही मोहीम अनधिकृत आहे. दोन दिवसांनी ते स्वतः मावशींकडे गेले आणि मार्गदर्शक व्हाल का म्हणून विचारून आले. मावशी म्हणाल्या, "या की. फक्त चालताना बोलायचं नाय, दम जातो." ही अट मीटिंगमध्ये कोणालाच पटली नाही. सहल शेवटी अर्नाळ्याच्या रिसॉर्टला गेली.

त्या रविवारी मी मात्र मावशी आणि बायकोच्या मागून धारेवर उभा होतो. उभा कसला, चार पावलांनी बसलोच, आणि बसूनच सरकायला लागलो. पँट मागून फाटली. उजवीकडे खोल दरीत झाडांचे नुसते शेंडे दिसत होते. बायको वळली. "तिकडे नका बघू. माझ्या पाठीकडे बघत या." तिच्या पाठीवरच्या पिशवीची सुटलेली शिलाई बघत बघत मी धार ओलांडली.

टोकावर पोचल्यावर माझ्या तोंडून बराच वेळ एक शब्द फुटेना. बायकोला आधी काळजी वाटली. नंतर ते तिला आवडलं असावं, कारण पाण्याची बाटली तिने जरा उशिरानेच पुढे केली.