भासऱ्यापुढचा पदर

ती घटना मला दर नोव्हेंबरात आठवते, कारण त्या महिन्यात बँकेत जाऊन मीही आपण हयात असल्याचे लिहून देतो.

साठचे दशक संपत आले होते. मी नागपुरात नवखा फौजदार होतो. एका सकाळी एक वृद्ध पेन्शनर ठाण्यात आले. त्यांच्या ओळखीच्या निवृत्त कारकुनाच्या नावावर, त्याचाच कोट घालून, भलताच माणूस कोषागारातून पेन्शन उचलतो, अशी त्यांची खबर होती.

"कशावरून?" मी विचारले.

"आमचा बाबू मले पाह्यलं की पयले शिवी घाले, साहेब. हा तं हात जोडून राहिला!"

हवालदार हसले. मला मात्र खुनाचा संशय आला. खरा माणूस गेला कुठे?

नोंद करून आम्ही सक्करदऱ्यातल्या पत्त्यावर गेलो. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून, हा कारकून आणि त्याची बायको काही महिन्यांपूर्वीच गावाहून येऊन तिथे राहू लागले होते. दारात साठीच्या बाई होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"मालक आहेत का?"

"आहेत ना जी."

खोकत एक म्हातारा बाहेर आला. तत्क्षणी बाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि पाठ फिरवून त्या भिंतीशी सरकल्या. माझी आई थोरल्या काकांसमोर अशीच उभी राही. वडिलांपुढे ती डोक्यावर पदर घेई, पण तोंड कधी लपवत नसे. हा नवरा नव्हता. हा भासरा होता, नवऱ्याचा थोरला भाऊ. इतके महिने नाटक करूनही बाईंच्या हाताला ती सवय सोडता आली नव्हती.

दोघांना ठाण्यात आणून वेगवेगळे बसवले. मी म्हाताऱ्याला दरडावले, "भावाला कुठे गाडलंस?"

"गाडलं नाही जी, जाळलं. कुहीकडे, आमच्या गावात. तापानं गेला. साऱ्या गावानं पाह्यलं."

"मग लपवलंस कशाला?"

"तो गेला की पेन्शन बंद. मंग या बाईनं खावं काय? माह्या घरी माह्याच पोटाले पुरत नाही."

पोलीस पाटलाने मृत्यूला दुजोरा दिला. खून नव्हता, तोतयेगिरी आणि फसवणूक होती. त्या कारकुनाला लागू असलेल्या नियमांनुसार त्याच्यामागे विधवेला काहीच मिळणार नव्हते.

मी बाईंकडे गेलो. "सगळं कळलं आहे, बाई. यजमान वारल्याचं गावातून लेखी आलं आहे."

त्या हळूच म्हणाल्या, "मंग आता रडू का जी, साहेब?"

त्यांनी पदराने कुंकू पुसले आणि हंबरडा फोडला. शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून त्या शहरात परतल्यापासून एकदाही रडल्या नव्हत्या.

म्हाताऱ्याला शिक्षा झाली, बाई सुटल्या. तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली. बाई पुढे कशावर जगल्या, याची मी चौकशी केली नाही. माझ्या लेखी प्रकरण निकाली निघाले होते. सत्य उघड झाले की पोलिसाचे काम संपते, असे तेव्हा मी मानत होतो. ते उघड करून आपण कोणाची चूल विझवली, हे पाहायला परत जाणे हेही कर्तव्यच असते, हे मला फार उशिरा कळले.

पुढे नियम बदलले. माझ्यामागे पत्नीला थोडे तरी मिळेल. सध्या आमचे ओढूनताणून भागते. महिनाअखेरीस ती चहात दूध कमी घालते आणि मी ते ओळखल्याचे दाखवत नाही.

गेल्या नोव्हेंबरात बँकेतल्या कारकुनाने सही घेताना थट्टेने विचारले, "साहेब, हयात आहात ना?" शेजारी उभी असलेली पत्नी हसली. मी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिले, आणि नाव स्पष्ट वाचता येईल अशी सावकाश सही केली.